परमेश्वराचे भय आणि वाइटाचा त्याग : बायबलमधले ज्ञानग्रंथ कसे वाचावेत?

यवतमाळच्या जुन्या रहिवाशांना सेमिनरी आठवत असेल. फ्री मेथडिस्ट मिशनच्या पुढाकाराने १९५३ साली इथे युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळकांना धर्मशिक्षण देणारी संस्था, सुरू झाली. देशाच्या दूरदूरच्या भागांतून विद्यार्थी या गावी शिकायला येत. १९८३ साली संस्था पुण्याला गेली. मिशनने उभ्या केलेल्या मंडळ्या आणि उमरीचा मिशन दवाखाना मात्र जिल्ह्यातच राहिला.

या मंडळ्यांत रविवारच्या उपासनेत, घरगुती प्रार्थनेत आणि लग्नातल्या उपदेशात एक शब्द हमखास कानावर पडतो : ‘परमेश्वराचे भय’. ऐकणारे मान डोलावतात. पण हे भय म्हणजे काय, ते माणसाला वाइटापासून कसे दूर ठेवते आणि बायबलमध्ये त्याची शिकवण कुठे आहे, असे विचारले तर बरेच जण अडखळतात.

या लेखात आपण ती शिकवण एकेक पायरी करून समजून घेऊ. बायबल आधी वाचलेले असले पाहिजे असे नाही. आपण ख्रिस्ती असले पाहिजे, असेही नाही. कर्ज काढून सण करू नका, दारूला शिवू नका, हे गाडगे महाराजांच्या कीर्तनातून ऐकत आलेल्या वऱ्हाडाला यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आपण देवाला किती मानतो याची परीक्षा हे ग्रंथ मुख्यतः बाजारात, वावरात आणि घरात घेतात. हे सूत्र धरून वाचले तर पुढचे सगळे सोपे जाते.

पायरी पहिली : नेमकी पुस्तके उघडा

बायबलचे दोन भाग आहेत, जुना करार आणि नवा करार. आपल्याला हवी असलेली पुस्तके जुन्या कराराच्या मध्यावर सापडतात : ईयोब, नीतिसूत्रे आणि उपदेशक. अभ्यासक यांना ज्ञानसाहित्य म्हणतात, म्हणजे शहाणपणाने जगावे कसे हे शिकवणारे लेखन. स्तोत्रसंहितेतली ३४ वे आणि ३७ वे अशी काही स्तोत्रेही याच वळणाची आहेत.

मराठीत बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’ सर्वाधिक वापरले जाते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले भाषांतरही आहे. खेड्यातल्या साध्या बायकांना समजावे म्हणून त्यांनी ते काम हाती घेतले होते. त्या १९२२ मध्ये वारल्या आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून संपूर्ण बायबल बाहेर आले. यापैकी कोणतेही भाषांतर चालेल.

संदर्भ वाचायची रीत सोपी आहे. ‘नीतिसूत्रे ८:१३’ म्हणजे नीतिसूत्रे या पुस्तकाचा ८ वा अध्याय आणि त्यातले १३ वे वचन. आधीचा आकडा अध्यायाचा, नंतरचा वचनाचा.

इथली नेहमीची चूक म्हणजे डोळे मिटून पान उघडायचे, बोट ठेवायचे आणि बोटाखाली आलेले वचन आपल्यासाठीच आहे असे मानायचे. ही पुस्तके तशी लिहिलेली नाहीत. ती क्रमाने शिकवतात, म्हणून क्रमानेच वाचावीत.

पायरी दुसरी : पुस्तकाची मांडणी पाहून घ्या

सुरुवात नीतिसूत्रांपासून करा. एकूण ३१ अध्याय आहेत. पहिल्या नऊ अध्यायांत बाप मुलाला समजावतो आहे. आईची शिकवणही सोडू नकोस, असे तो सुरुवातीलाच बजावतो (१:८). हे भाग सलग आणि लांब आहेत.

दहाव्या अध्यायापासून सुटी, दोन-दोन ओळींची सूत्रे सुरू होतात. त्यांवर शलमोन राजाचे नाव आहे. २२:१७ पासून ‘ज्ञानी लोकांची वचने’ येतात. त्यांतली बरीच वचने अमेनेमोपे नावाच्या प्राचीन इजिप्शियन उपदेशग्रंथाशी मिळतीजुळती आहेत. शेजारच्या देशातले शहाणपणही इस्राएलने पारखून घेतले, हे त्यावरून दिसते. २५ ते २९ हे अध्याय हिज्कीया राजाच्या माणसांनी उतरवून घेतल्याची नोंद आहे. ३० वा अध्याय आगूराचा, तर ३१ वा लमुएल राजाला त्याच्या आईने केलेल्या उपदेशाने सुरू होतो.

आता तीन ठिकाणी खूण करा : १:७, ९:१० आणि ३१:३०. पहिल्या ठिकाणी परमेश्वराच्या भयाला ज्ञानाचा आरंभ म्हटले आहे, दुसऱ्या ठिकाणी शहाणपणाचा. तिसऱ्या ठिकाणी, पुस्तक संपता संपता, परमेश्वराचे भय बाळगणाऱ्या कर्तबगार बाईचे कौतुक आहे. पुस्तकाच्या दारात, बापाचा उपदेश संपतो तिथे आणि अगदी शेवटी असा हा शब्द ठेवलेला आहे. मधली शेकडो सूत्रे याच्या आधारानेच वाचायची.

सूत्रांचे साचेही ओळखून ठेवा. काहींत दुसरी ओळ पहिलीच्या उलट सांगते : नीतिमानाचे असे, दुष्टाचे तसे. काहींत दुसरी ओळ पहिलीत भर घालते. काहींत ‘यापेक्षा ते बरे’ अशी तुलना असते. १५:१६ पाहा. घरात थोडेच असले, पण परमेश्वराचे भय असले, तर ते कटकटीसकट आलेल्या मोठ्या संपत्तीपेक्षा चांगले, असा त्याचा आशय आहे.

पायरी तिसरी : ‘भय’ म्हणजे काय ते ठरवून घ्या

परमेश्वराचे भय म्हणजे देवापुढे आपण कोण आहोत याचे भान, आणि त्या भानातून येणारा आदर. तो पाहतो, तो न्यायी आहे आणि शेवटचा शब्द आपला नसून त्याचा आहे, एवढे मनाशी पक्के धरून वागणे.

या भयाचा उलटा शब्द नास्तिकपणा असेल असे आपल्याला वाटते. नीतिसूत्रांत तसे नाही. ३:७ पाहिले तर कळते की याच्या विरुद्ध आहे स्वतःला शहाणे समजणे. स्वतःच्या नजरेत शहाणा होऊ नकोस, देवाला मान आणि वाइटापासून बाजूला हो, असे तिथे एका दमात सांगितले आहे. म्हणजे रोज प्रार्थना करणारा माणूसही ‘मला कोणी सांगायची गरज नाही’ असे म्हणू लागला की तो या वाटेवरून उतरला.

इथे दोन बाजूंनी चूक होते. काही घरांत मुलांना देवाच्या नावाने धाक घालतात : हे केलेस तर देव डोळे फोडील. त्यातून मूल लपवाछपवी शिकते, आदर शिकत नाही. उलट काही जण भय हा शब्दच गाळतात आणि देव प्रेमळ आहे, चालवून घेईल, असे म्हणतात. ग्रंथाला दोन्ही मान्य नाही. ३४ व्या स्तोत्रात (३४:११-१४) मुलांना जवळ बोलावून हे भय शिकवले आहे आणि धडा अगदी साधा आहे : जीभ आवरा, वाईट सोडा, चांगले करा, शांतीच्या मागे लागा.

पायरी चौथी : वाईट म्हणजे नेमके काय ते पाहा

‘वाईट सोडा’ म्हणणे सोपे असते, कारण त्यात कोणाचे नाव येत नाही. नीतिसूत्रे मात्र मोघम बोलत नाहीत. ८:१३ मध्ये परमेश्वराचे भय म्हणजेच वाइटाचा तिटकारा असे सांगून लगेच चार गोष्टी मोजल्या आहेत : गर्व, उद्धटपणा, वाईट चाल आणि उलटसुलट बोलणारे तोंड.

६:१६-१९ मध्ये देवाला न खपणाऱ्या सात गोष्टी आहेत. चढेल नजर, खोटे बोलणारी जीभ, निरपराध्याचे रक्त सांडणारे हात, दुष्ट बेत रचणारे मन, वाइटाकडे धावणारे पाय, खोटी साक्ष देणारा माणूस आणि भावाभावांत भांडण लावणारा माणूस.

ही यादी सावकाश वाचा. डोळे, जीभ, हात, मन, पाय असा माणसाच्या शरीराचाच फेरफटका आहे. शेवटी खून किंवा चोरी येईल असे वाटते, पण येते ती भाऊबंदकी लावणे. खून यादीत आधीच येऊन गेला आहे. गावात दोन भावांची चूल वेगळी करून वर तमाशा पाहणाऱ्याला हा ग्रंथ खुनी हातांच्या पंगतीत बसवतो.

इथली चूक अशी की ही यादी वाचताना आपल्याला शेजारी आठवतात. नजर चढेल आहे ती सासूची, जीभ खोटी आहे ती दिराची. यादी स्वतःच्या अंगावर लावून पाहिली नाही तर तिचा काही उपयोग नाही.

पायरी पाचवी : पहिल्या हाकेलाच नाही म्हणा

वाइटापासून दूर व्हायचे कसे? नीतिसूत्रांचे उत्तर व्यवहारी आहे : आत गेल्यावर लढत बसण्यापेक्षा आतच जाऊ नका.

१:१०-१९ मध्ये बाप मुलाला एका टोळीची गोष्ट सांगतो. पोरे येतात, गोड बोलतात, आमच्यात ये, लुटीचा माल मिळेल, सगळ्यांची पिशवी एकच राहील म्हणतात. बाप सांगतो, यांच्या वाटेवर पाऊलच ठेवू नकोस, कारण दुसऱ्यासाठी लावलेल्या सापळ्यात हे स्वतःच अडकणार आहेत. वाइटाचे पहिले आमिष पैशाचे असले तरी त्याच्या आत सोबतीचे आमिष असते, हे या बापाने ओळखले आहे. रेतीच्या चोरट्या ट्रॅक्टरवर किंवा मटक्याच्या चिठ्ठ्या गोळा करायला पोरगा जातो, तेव्हा त्याला आधी मित्रच बोलावतात.

४:१४-१५ मध्ये हीच गोष्ट चार-पाच क्रियापदांत सांगितली आहे : शिरू नको, चालू नको, टाळ, वळ, पुढे निघून जा. मनाशी वाद घालत उभे राहा, असे त्यात कुठेच नाही. १६:६ मध्ये कारणही दिले आहे : परमेश्वराच्या भयानेच माणूस वाइटापासून वळतो. देवाचा आदर आधी, वळणे मागून. नुसत्या निर्धारावर विसंबणारा चार दिवसांनी थकतो.

शिवाय मत्सर सांभाळा. २३:१७ मध्ये पापी माणसांचा हेवा करू नकोस, दिवसभर देवाच्या भयात राहा, असे सांगितले आहे. लबाडी करणाऱ्याने माडी बांधलेली दिसली की आपल्या मनात काटा रुततो, आणि घसरण बहुधा तिथूनच सुरू होते.

पायरी सहावी : व्यवहार तपासा

आता या शिकवणीचा गाभा. नीतिसूत्रांनी देवाचे भय रोजच्या देण्याघेण्यात उतरवले आहे. आपल्या जिल्ह्याला लागू पडणारी चार ठिकाणे घेऊ.

काटा. खोटा तराजू देवाला अजिबात चालत नाही, हे ११:१ मध्ये आहे. २०:१० आणि २०:२३ मध्ये पुन्हा तेच आहे. १६:११ तर म्हणते की तराजू आणि पिशवीतली वजने ही देवाचीच बाब आहे. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडाला हे समजावून सांगावे लागत नाही. १८९७ चा वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा झाला, त्यामागे बाजारातला माल आणि माप नीट राहावे हाही हेतू होता. काटा मारणारा व्यापारी आपल्याला लगेच दिसतो. पण कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ ते १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते, ती ठाऊक असूनही गाडी भरताना कापसावर पाणी शिंपडणारा कास्तकारही याच वचनात येतो. २०:१४ मध्ये गिऱ्हाईकही सुटलेले नाही. घेताना ‘वाईट आहे, वाईट आहे’ म्हणत भाव पाडायचा आणि बाहेर पडल्यावर स्वस्तात मिळवल्याची बढाई मारायची, हे चित्र तिथे जसेच्या तसे आहे. आपल्यालाच मापात फसवले जात असेल तर वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते. खोट्या काट्याला गप्प राहून संमती देणे हा देवभीरूपणा नाही.

धुरा. पूर्वजांनी घातलेली हद्दीची खूण सरकवू नका, असे २२:२८ सांगते. २३:१०-११ त्याच्या पुढे जाऊन म्हणते की अनाथांच्या शेतात घुसू नका, कारण त्यांची बाजू घेणारा बलवान आहे. आपल्याकडे धुरा, म्हणजे शेताचा बांध, दरवर्षी एका तासाने, नांगराच्या एका ओळीने, कोरला जातो आणि बहुधा जिच्या घरात पुरुषमाणूस उरला नाही अशा बाईचाच कोरला जातो. वचन नेमके तिथेच बोट ठेवते. हद्दीबद्दल खरोखर शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. नांगराच्या फाळाने हद्द ठरवू नका.

जामीन आणि सावकारी. ६:१-५ मध्ये दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहून अडकलेल्याला सांगितले आहे की मान खाली घाल, हातापाया पड, पण झोपण्याआधी स्वतःला सोडव. २२:२६-२७ विचारते, फेडायला काही नसेल तर अंगाखालचे अंथरूण का जाऊ द्यावे? आपल्याकडचा कायदाही हेच दाखवतो. करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मुळच्या कर्जदाराइतकीच असते. त्यामुळे ‘नुसती सही तर द्यायची आहे’ या बोलण्याला भुलू नका. दुसऱ्या बाजूने २८:८ हे सावकाराला सुनावते : व्याज चढवून साठवलेले धन शेवटी गरिबावर दया करणाऱ्याच्या हाती जाईल. बेकायदा सावकारीने जमीन गिळली असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते.

दारू. २३:२९-३५ मध्ये पिणाऱ्याचे वर्णन आहे. विनाकारण जखमा, लाल डोळे, समुद्रात हेलकावे खाल्ल्यासारखे डोके, मार बसला तरी न कळणे आणि जागे झाल्याबरोबर पुन्हा प्यायची ओढ. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, यवतमाळात नाही. मात्र बंदी असो वा नसो, हे सात वचनांचे वर्णन कोणाही बाईने वाचले तर ती म्हणेल की लिहिणाऱ्याने आमचेच घर पाहिले आहे. वचन दारूचा मोह कबूल करते आणि शेवटी ती सापासारखी डसते असे सांगते.

या पायरीवर सगळ्यात मोठी चूक होते. आपण धर्म एका कप्प्यात आणि व्यवहार दुसऱ्या कप्प्यात ठेवतो. रविवारी वर्गणी द्यायची आणि सोमवारी सालदाराची मजुरी दाबायची. १४:३१ म्हणते, गरिबाला पिळणारा त्याला घडवणाऱ्याचाच अपमान करतो. या ग्रंथांपुढे असा वेगळा कप्पा टिकत नाही.

पायरी सातवी : घसरलात तर परत फिरा

इथवर वाचून आपण यातल्या एक-दोन गोष्टींत सापडलो, असे आपल्याला वाटले असेल. ते स्वाभाविक आहे आणि ग्रंथालाही ते ठाऊक आहे. २४:१६ मध्ये नीतिमान माणूस सात वेळा पडतो आणि उठतो, असे म्हटले आहे.

उठायची रीत २८:१३ मध्ये आहे : चूक झाकू नका, कबूल करा आणि सोडून द्या, म्हणजे दया मिळेल. कबूल करणे आणि सोडणे ही दोन वेगळी कामे आहेत. पुष्कळ जण पहिल्यावर थांबतात. प्रार्थनासभेत रडून झाल्यावर कोरलेला धुरा तसाच राहतो. सोडणे म्हणजे तो तास परत देणे, दाबलेली मजुरी चुकती करणे, लावलेले भांडण स्वतः जाऊन मिटवणे.

पायरी आठवी : सूत्राला हमीपत्र समजू नका

आता सगळ्यांत नाजूक जागा. नीतिसूत्रे म्हणतात की देवाच्या भयाने आयुष्य वाढते (१०:२७) आणि कष्टाळूच्या घरी भर पडते. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण सूत्र म्हणजे अनुभवाचे सार. ते प्रत्येक माणसाला लिहून दिलेले हमीपत्र नव्हे. २६:४ आणि २६:५ ही शेजारशेजारची वचने एकदा मूर्खाला उत्तर देऊ नको म्हणतात आणि लगेच उत्तर दे म्हणतात. कोणते कधी लागू पडते, हे प्रसंग पाहून ठरवायचे असते.

हे समजावे म्हणूनच बायबलमध्ये ईयोबाचे पुस्तक आहे. ईयोब हा ऊस नावाच्या देशातला सधन माणूस. सात मुलगे, तीन मुली, ७००० मेंढरे, ३००० उंट, बैलांच्या ५०० जोड्या, ५०० गाढवी. त्याच्याबद्दल पहिल्याच वचनात दोन गोष्टी सांगितल्या आहेत : तो देवाचे भय बाळगी आणि वाइटापासून दूर राही. म्हणजे आपण आतापर्यंत शिकलो ते सगळे त्याने केलेले होते. तरी त्याचे सर्वस्व गेले, मुले गेली, अंगाला फोड आले.

मग तीन मित्र आले. अलीफज, बिल्दद आणि सोफर. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तिथवर त्यांचे बरोबर होते. तोंड उघडल्यावर बिघडले. त्यांचा हिशेब सरळ होता : चांगल्याचे चांगलेच होते, तुझे वाईट झाले, म्हणजे तू काहीतरी केले असणार. अलीफजने तर न केलेली पापेही त्याच्या नावावर लावली (२२:५-९). शेवटी देव अलीफजला सांगतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला (४२:७). त्यांची सूत्रे पुस्तकातली होती, पण त्यांनी ती दुखऱ्या माणसावर फेकून मारली.

शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले, त्या यवतमाळात ही चूक फार महागात पडते. पावसाने दगा दिला, बोंडअळी आली, भाव पडला, कर्ज थकले. अशा घरी जाऊन ‘देवाचे काही चुकले असेल’ किंवा ‘पिऊन घालवले असेल’ म्हणणारे भेटतात. उपदेशक ७:१५ उघडपणे सांगते की नीतीने वागणारा कधी नीतीने वागतच नष्ट होतो आणि दुष्ट दीर्घकाळ जगतो. बायबल हे लपवत नाही. आपणही लपवू नये. दुःखाच्या घरी जाल तेव्हा मित्रांचे पहिले सात दिवस आठवा, आठवा दिवस नको. आणि कोणी फार खचलेला दिसला तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडेही न्या. टेलिमानस ही सरकारी समुपदेशन सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते.

ईयोबाच्याच पुस्तकात सैतान देवाला एक अडचणीचा प्रश्न विचारतो (१:९) : ईयोब काय फुकट तुझे भय बाळगतो? ज्याला फायद्यासाठी देव हवा आहे त्याचा आदर फायदा संपला की संपतो. ईयोब देवाशी भांडला, ओरडला, पण त्याने देवाला सोडले नाही आणि वाईटही धरले नाही.

पायरी नववी : खाणीचा अध्याय वाचा

ईयोब २८ हा अध्याय वणी भागातल्या वाचकांनी तर जरूर वाचावा. उकणी, राजूर, कोलारपिंपरी या परिसरात ज्यांनी कोळशाच्या खाणी पाहिल्या आहेत त्यांना तो लगेच समजेल. माणूस डोंगर पोखरतो, अंधारात दिवा नेतो, वस्तीपासून दूर दोरावर लोंबकळत खाली उतरतो, गिधाडालाही न दिसलेल्या वाटा शोधतो, पाण्याचे झरे अडवतो आणि रुपे, लोखंड, तांबे वर काढतो. जुन्या काळच्या खाणकामाचे इतके बारकाईचे वर्णन बायबलमध्ये दुसरीकडे नाही.

मग प्रश्न येतो : एवढे खोल खणणाऱ्या माणसाला शहाणपण कुठे सापडते? जमिनीत नाही, समुद्रात नाही, सोने मोजूनही मिळत नाही. उत्तर शेवटच्या वचनात आहे (२८:२८). देवाचे भय हेच शहाणपण आणि वाइटापासून दूर होणे हीच समज.

आपल्या विषयाच्या दोन्ही बाजू इथे एका ओळीत येतात. त्या सुखाच्या दिवसांत नव्हे, सगळे गमावलेल्या माणसाच्या पुस्तकात येतात, हे लक्षात ठेवा. उपदेशकही साऱ्या उलटसुलट शोधानंतर १२:१३ मध्ये याच मुक्कामाला पोचतो.

वेळ असेल तर ईयोब ३१ ही वाचा. तिथे तो शपथेवर आपला जमाखर्च मांडतो : चाकरांचा न्याय डावलला का, विधवेला रिकाम्या हाती पाठवले का, दाम न देता शेताचे पीक खाल्ले का. त्याची जमीन त्याच्याविरुद्ध ओरडली असेल आणि तिच्या तासांना रडू फुटले असेल, तर गव्हाच्या जागी काटे उगवोत, असे तो म्हणतो (३१:३८-४०). कास्तकाराने कास्तकाराच्या भाषेत घेतलेली ही शपथ आहे.

पायरी दहावी : वाचन रोजचे करा

नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत, म्हणून तारखेप्रमाणे एक अध्याय वाचायची सोपी पद्धत पुष्कळ घरांत आहे. पाच तारीख असेल तर पाचवा अध्याय. एखादा दिवस चुकला तर मागचे भरून काढायच्या नादी लागू नका, त्या दिवसाच्या तारखेचा अध्याय घ्या.

वाचताना अध्यायातले एकच सूत्र निवडा आणि तीन प्रश्न विचारा. यात कोणते वाईट नाव घेऊन सांगितले आहे? ते माझ्या व्यवहारात कुठे आहे? ते सोडायला आज काय करावे लागेल? तिसऱ्याचे उत्तर एखादे काम असले पाहिजे. ‘मी सुधारेन’ हे उत्तर नव्हे. ‘संध्याकाळी जाऊन त्याचे दोनशे रुपये देईन’ हे उत्तर आहे.

घरात मोठ्याने वाचा आणि मुलांनाही वाचू द्या. अर्थ सांगण्याची घाई करू नका. आणि निवडलेले सूत्र घरातल्या दुसऱ्याला टोमणा मारायला वापरू नका, नाहीतर आठवड्यातच सगळे वाचन बंद पडते.

देवाला मानणे आणि वाईट सोडणे या दोन गोष्टी या ग्रंथांनी कुठेही वेगळ्या केलेल्या नाहीत. त्यामुळे आपणही एक धरून दुसरी सोडू नये. आज जी तारीख असेल तो अध्याय उघडा, एक सूत्र निवडा, आणि त्यात ज्याचे देणे निघेल त्याच्या दारी आजच जाऊन या.